संगणकाच्या पोटांतील कुलुपें

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें त्यांत किल्ला नाहीं कीं सेनापति नाहीं. परंतु त्यांत कुलुपें आहेत, पहारे आहेत, वाट पाहून थकलेले वाटसरू आहेत, आणि एका ठिकाणीं माणसांचे बळीहि आहेत. हा इतिहास आपल्या मेजावरील संगणकाच्या आणि खिशांतील मोबाइलच्या पोटांत घडला. त्याचें वय सत्तर वर्षांहून कमी. म्हणजे आपणांपैकीं पुष्कळांच्या हयातींतच तो आरंभापासून घडलेला आहे. तरी घरोघर ज्याच्यावांचून पान हालत नाहीं त्या यंत्राचा हा भाग फारच थोड्यांस ठाऊक असतो.

प्रथम दोन तीन नांवांचा परिचय करून घेऊं. संगणकांत आज्ञेप्रमाणें प्रत्यक्ष काम करणारा जो भाग, त्यास प्रोसेसर म्हणतात. पूर्वीं एका यंत्रांत एकच प्रोसेसर असे. आतां साध्या मोबाइलमध्येंहि बहुधा आठ असतात, आणि ते एकाच वेळीं आठ कामें करीत असतात. त्या सर्वांचा कारभार पाहणारी जी आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम असें नांव आहे. या कारभारांत छपाईचें यंत्र, कळफलक, माहिती सांठविण्याची तबकडी अशा प्रत्येक उपकरणाकरितां एकेक वेगळा हस्तक नेमलेला असतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. गाडीवानाला जशी आपल्या बैलाची खोड ठाऊक असते, तशी ड्रायव्हरला आपल्या उपकरणाची खोड ठाऊक असते, आणि इतरांना ती ठाऊक असण्याची गरज नसते. आजचा आपला विषय असा कीं, अनेक प्रोसेसर एकाच वेळीं एकाच ड्रायव्हरच्या दाराशीं येऊन उभे राहिले म्हणजे काय होतें, आणि जें होतें तें आवरण्याकरितां माणसांनीं काय काय केलें.

काय होतें, तें पेढीवरच्या दाखल्यानें सांगतों. एका पेढीवर दोन कारकून आहेत आणि खातेंवही एकच आहे. एका खात्यांत ५०० रुपये शिल्लक आहेत. एका कारकुनाकडे त्या खात्याचे १०० रुपये जमा करावयास आले, दुसऱ्याकडे ५० रुपये आले. दोघांनींहि एकाच क्षणीं वहींत डोकावून ५०० हा आकडा पाहिला. पहिल्यानें मनांत बेरीज करून ६०० लिहिले. लगेच दुसऱ्यानें आपली बेरीज करून तेथेंच ५५० लिहिले. खातेदाराचे १०० रुपये गेले. श्रोतेहो, येथें कोणीं चोरी केलेली नाहीं आणि कोणाची बेरीजहि चुकलेली नाहीं. दोघांचेंहि काम वेगवेगळें तपासलें तर शंभरापैकीं शंभर गुण द्यावे लागतील. दोष आहे तो दोघांच्या कामाच्या गुंत्यांत, आणि तो गुंता वहींत कोठेंहि लिहून राहिलेला नाहीं.

आपण म्हणाल, लिहिण्यापूर्वीं दुसरा लिहीत नाहीं ना, एवढें पाहून घ्यावें. हा उपाय प्रथमदर्शनीं सर्वांनाच सुचतो. परंतु दोघांनींहि एकाच क्षणीं मान वर करून पाहिलें, दोघांनाहि समोरच्याची लेखणी खालीं दिसली, आणि दोघांनींहि लेखणी उचलली, म्हणजे पुन्हां तेंच! पाहणें आणि करणें यांमध्यें एक फट राहते, आणि सारा अनर्थ त्या फटींतून आंत शिरतो. कामाचा वेग वाढविला तर ही फट अरुंद होते, पण बुजत नाहीं; उलट चूक लक्षांतून एकदां होण्याऐवजीं कोटींतून एकदां होऊं लागते, आणि म्हणून ती सांपडणें अधिकच कठिण होतें.

गंमत अशी कीं हा रोग अनेक प्रोसेसर असलेल्या यंत्रांत प्रथम उद्भवला नाहीं. तो एका प्रोसेसरच्या यंत्रांतच, आणि तोहि उपकरणांमुळें, पहिल्यानें दृष्टीस पडला. प्रोसेसर अतिशय चपळ, आणि छपाईसारखीं उपकरणें त्याच्या मानानें अतिशय मंद. एक ओळ छापून होईपर्यंत प्रोसेसरनें ‘झालें का? झालें का?’ असें विचारीत बसावें, तर त्याचा सगळा दिवस त्यांतच जावयाचा. म्हणून अशी युक्ति निघाली कीं, प्रोसेसरनें आपलें काम करीत राहावें, आणि उपकरणाचें काम संपतांच त्यानेंच घंटा वाजवून प्रोसेसरला थांबवावें. या घंटेला इंटरप्ट म्हणतात. शाळामास्तरांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. आपण हजेरीपटाची बेरीज करीत बसलेले असतां शिपाई सूचनेची वही पुढें करतो. बेरीज अर्धी टाकून सही करावी लागते, आणि मग पुन्हां मागच्या आकड्यावर यावें लागतें. शिपायानें केवळ सही नेली तर कांहीं बिघडत नाहीं. परंतु त्या वहींतच ‘आपल्या वर्गांतील दोन मुलांचीं नांवें कमी करावीं’ असा हुकूम असला, आणि तो आपण तेथल्या तेथें हजेरीपटावर बजावला, तर पुढें चालू ठेवलेली बेरीज ना जुन्या पटाची ना नव्या पटाची.

१९५७ च्या सुमारास हॉलंडमध्यें इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या संगणकाची आंखणी चालली होती. लूप्स्ट्रा आणि शोल्टेन या रचनाकारांनीं त्यांत अशी घंटा बसवावयाचें ठरविलें. यंत्राच्या आज्ञावलीचें काम अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणितसंस्थेंतील एड्सखर डाइक्स्ट्रा या तरुणाकडे होतें. त्याला ही कल्पना ऐकून आनंद झाला नाहीं, भीति वाटली. आणि ती कां वाटली हें पाहण्यासारखें आहे. तोंवर यंत्र म्हणजे एक विश्वासू वस्तु होती. तीच आज्ञावली, तेच आंकडे दिले कीं तेंच उत्तर येई. चूक झाली तर तीच चूक पुन्हां होई, आणि म्हणूनच ती शोधतां येई. आतां घंटा केव्हां वाजेल हें उपकरणाच्या मर्जीवर. एकच काम दोनदां केलें तरी दोनहि वेळां तें त्याच वाटेनें जाईल याचा नेम राहिला नाहीं. चूक आज होईल, उद्यां बोलावली तर येणार नाहीं. म्हणजे प्रयोग करून खात्री पटविण्याची वाट येथें बंद झाली, आणि आज्ञावली बरोबर आहे हें विचारानेंच सिद्ध करणें भाग झालें. डाइक्स्ट्रानें एक्स-१ यंत्राकरितां घंटेची व्यवस्था अखेर लिहिली. १९५९ सालच्या त्याच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषयहि तोच होता. माझ्या मतें आपल्या या इतिहासाचा आरंभ या भीतीपासून धरावा. ज्याला ती वाटली नाहीं त्यानें पुढें काय करून ठेवलें, तें लवकरच सांगतों.

याच सुमारास एक कोडें निघालें. दोन आज्ञावल्या आहेत. दोघींनाहि सामायिक जागेंत एका वेळीं एकच शब्द वाचतां येतो किंवा लिहितां येतो. एवढ्याच सामग्रीवर असा बंदोबस्त करावयाचा कीं, नाजूक कामांत दोघी एकाच वेळीं कधींहि शिरणार नाहींत, आणि कोणी विनाकारण बाहेर ताटकळतहि राहणार नाहीं. पुष्कळांनीं उत्तरें काढलीं आणि तीं चुकीचीं ठरलीं. तें कोडें थेओडोरस डेकर या डच गणितज्ञानें सोडविलें. दोनाऐवजीं कितीहि आज्ञावल्या असल्या तरी चालेल असें उत्तर डाइक्स्ट्रानें १९६५ सालीं छापलें. तो लेख अवघा एका पानाचा आहे.

तरी हीं उत्तरें म्हणजे कसरतच होती. रोजच्या कामाला सोपें साधन पाहिजे होतें, आणि तें डाइक्स्ट्राला आगगाडीच्या रुळांवर सांपडलें. रेल्वेच्या हात वर-खालीं होणाऱ्या खांबाला इंग्रजींत सेमाफोर म्हणतात, डच भाषेंत ‘सैनपाल’. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊं नयेत म्हणून जो बंदोबस्त करतात तो आपल्याकडील जुन्या प्रवाशांना आठवत असेल. दोन स्टेशनांमधल्या एकेरी मार्गावर जावयाचें तर गाडीच्या चालकापाशीं त्या मार्गाचें टोकन पाहिजे. आपल्याकडे अनेक मार्गांवर हें टोकन म्हणजे लोखंडी गोळा असे. कड्याला अडकविलेल्या पिशवींत घालून तो चालत्या गाडीवर दिला जाई. दोन्ही स्टेशनांवरचीं यंत्रें तारेनें अशीं जोडलेलीं कीं, एक गोळा बाहेर असतां दुसरा निघतच नाहीं. येथें चालकानें दुर्बीण लावून ‘समोरून कोणी येत नाहीं ना’ असें पाहावयाचें नसतें. ताबा त्याच्या हातांत असतो किंवा नसतो, मधली स्थिति नाहीं. डाइक्स्ट्राच्या सेमाफोरवर दोनच क्रिया करतां येतात : एक जाण्याची परवानगी मागण्याची आणि दुसरी सोडून देण्याची. डच शब्दांवरून त्यांना पी आणि व्ही हीं अक्षरें पडलीं, आणि तीं आजहि पाठ्यपुस्तकांत चालू आहेत. आयंडोव्हन येथील तंत्रमहाविद्यालयांत मोजक्या सहकाऱ्यांसह त्यानें या पायावर एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम उभारली, आणि १९६८ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें.

आतां अनेक प्रोसेसरांकडे वळूं. १९६२ च्या बरोज डी-८२५ या यंत्रांत चारपर्यंत प्रोसेसर एका सामायिक स्मृतीवर काम करूं शकत. अशा यंत्रांत पाहणें आणि करणें यांमधली फट यंत्राच्या बांधणींतच बुजविली पाहिजे, हें उघड होतें. आय.बी.एम. कंपनीनें १९६४ सालीं जाहीर केलेल्या सिस्टिम-३६० या यंत्रमालिकेंत तशी एक खास आज्ञा होती. ती एका जागेंत काय आहे तें पाहते आणि त्याच झटक्यांत तेथें आपली खूण करते. मध्यें दुसऱ्या कोणाला पाय ठेवतां येत नाहीं. या एका आज्ञेवर कुलूप बांधणें सोपें झालें. खूण आधींचीच दिसली तर कुलूप दुसऱ्यापाशीं आहे. खूण आपली पहिली असली तर आपण आंत. कुलूप मिळेपर्यंत काय करावयाचें याच्या दोन रीति पडल्या. एक, दारांतच उभें राहून कडी वाजवीत राहणें. काम क्षणार्धाचें असेल तेव्हां हीच बरी. दुसरी, नांव नोंदवून झोपीं जाणें, आणि पाळी आल्यावर उठविलें जाणें. काम लांबणार असेल तेव्हां ही शहाणपणाची.

येथें ड्रायव्हरांची खरी अडचण सुरू होते, आणि ती नीट समजून घेण्यासाठीं मी आपला थोडा अधिक वेळ घेणार आहें. घंटा वाजल्यावर जें काम करावयाचें त्याला झोपीं जाण्याची सोय नसते. कारण तें स्वतःच्या वेळांत चाललेलें नसतें. दुसऱ्याच कोणाचें तरी काम अर्ध्यावर थांबवून, त्याच्या आसनावर बसून तें केलें जात असतें. तें झोपलें तर ज्याचें आसन घेतलें तोहि अडकला. म्हणून घंटेच्या कामानें दारांत उभेंच राहिलें पाहिजे. आतां असें समजा कीं, एका प्रोसेसरवर ड्रायव्हरनें आपल्या नोंदवहीचें कुलूप घेतलें आहे आणि तो आंत लिहीत आहे. तेवढ्यांत त्याच प्रोसेसरवर त्याच उपकरणाची घंटा वाजली. लिहिणारा जागच्या जागीं थिजला. घंटेचें काम त्याच्या आसनावर येऊन बसलें, आणि त्याच वहीची कुलूपकिल्ली मागूं लागलें. किल्ली ज्याच्यापाशीं तो उठल्याशिवाय सोडूं शकत नाहीं, आणि हा किल्ली मिळाल्याशिवाय उठूं शकत नाहीं. यंत्र तेथेंच कायमचें उभें. उपाय असा कीं, किल्ली हातीं घेण्यापूर्वीं आपल्या प्रोसेसरची घंटा तेवढ्यापुरती बंद करावी. परंतु केवळ घंटा बंद करून भागत नाहीं, कारण शेजारच्या प्रोसेसरची घंटा चालूच असते. त्याला अडविण्यास कुलूपच पाहिजे. आपल्या घरच्यापासून संरक्षण घंटा बंद करून, आणि परक्यापासून संरक्षण कुलूप लावून : दोन्ही एकदम, आणि याच क्रमानें. ही एवढीशी गोष्ट अंगवळणीं पडावयास एका पिढीचा काळ लागला.

ती गोष्ट ज्यांनीं मनावर घेतली नाहीं त्यांच्या हातून काय झालें, त्याचें सर्वांत दुःखद उदाहरण थेरॅक-२५ या यंत्राचें आहे. कॅनडांतील अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या संस्थेनें कर्करोग्यांना किरण देण्यासाठीं तें बनविलें होतें. त्यांत प्रोसेसर एकच होता. पण अनेक कामें त्याजवर पाळीपाळीनें चालत, आणि एकमेकांच्या नोंदी पुरेशा बंदोबस्तावांचून वाचीत व लिहीत. यंत्र दोन प्रकारचे किरण देई. एका प्रकाराला अतिशय प्रखर झोत लागे, पण तो झोत सौम्य करणारा अडसर मध्यें उभा असे. दुसऱ्याला मंद झोत पुरे. मार्च १९८६ मध्यें अमेरिकेंत टेक्ससमधील टायलर येथील रुग्णालयांत यंत्रचालिकेनें चुकून पहिल्या प्रकाराचें अक्षर टाइप केलें, चूक लक्षांत येतांच झटपट मागें जाऊन तें दुरुस्त केलें, आणि यंत्र सुरू केलें. आंतील चुंबकें जागेवर आणण्यास यंत्राला सुमारें ८ सेकंद लागत. त्या अवधींत झालेली दुरुस्ती एका कामाच्या ध्यानीं आली, दुसऱ्याच्या आली नाहीं. परिणामीं झोत प्रखर राहिला आणि अडसर मात्र निघून गेला. रोग्याला १८० रॅड द्यावयाचे होते. त्याच्या देहांत १६,५०० ते २५,००० रॅड गेले असावेत असा अंदाज पुढें करण्यांत आला. पडद्यावर फक्त ‘बिघाड ५४’ एवढीं अक्षरें उमटलीं. एप्रिलमध्यें तेथेंच दुसऱ्या रोग्यावर तीच पाळी आली. ते दोघेहि त्या वर्षीं दगावले. १९८५ ते १९८७ या काळांत निरनिराळ्या गांवीं मिळून अशा सहा घटना झाल्या. सर्वांचें कारण एकच नव्हतें, पण टायलरचें कारण हें होतें.

चूक सांपडली कशी, तेंहि ऐका. त्या रुग्णालयांतील भौतिकशास्त्रज्ञ आणि ती यंत्रचालिका यांनीं मिळून पुन्हां पुन्हां टाइप करून पाहिलें, आणि दुरुस्ती विशिष्ट वेगानें केली तरच बिघाड ५४ येतो असें त्यांच्या ध्यानीं आलें. नवशिक्याच्या हातून ती चूक होणारच नव्हती. हात सराईत झाला तेव्हांच ती प्रकट झाली. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढें उघडकीस आली. थेरॅक-२० या आधींच्या यंत्राच्या आज्ञावलींतहि तसाच दोष होता! परंतु त्यांत प्रत्यक्ष विजेच्या व लोखंडी अडसरांचा पहारा होता. चूक झाली कीं फ्यूज उडे, कोणी तरी तो बदली, आणि काम पुढें चाले. नव्या यंत्रांत ते अडसर काढून सर्व भार आज्ञावलीवर टाकला होता. डाइक्स्ट्राची १९५७ ची भीति ज्यांना अनाठायीं वाटत असेल त्यांनीं हा प्रसंग लक्षांत ठेवावा.

आतां आपण ज्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधारावर आजचे बहुतेक मोबाइल आणि मोठमोठीं संगणकगृहें चालतात त्या लिनक्सकडे येऊं. कारण कुलुपांचा इतिहास एवढा उघड्यावर दुसरीकडे कोठें घडला नाहीं. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ती लिहावयास घेतली, तेव्हां त्याच्या यंत्रांत प्रोसेसर एकच होता. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना निवांतपणा पाहिजे असला कीं ते ‘सीएलआय’ या आज्ञेनें घंटा बंद करीत. एकच प्रोसेसर, त्याची घंटा बंद. मग त्रास देणार कोण? शेंकडों ड्रायव्हर या विश्वासावर लिहिले गेले. पुढें अनेक प्रोसेसरांचीं यंत्रें स्वस्त झालीं, आणि जून १९९६ मध्यें लिनक्सच्या २.० या आवृत्तींत त्यांची सोय करण्यांत आली. त्या कामाचा मोठा भार अ‍ॅलन कॉक्स यानें उचलला. केलें तें असें : साऱ्या कर्नलला मिळून एकच मोठें कुलूप घातलें. (येथें कर्नल म्हणजे पलटणींतला नव्हे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला तें नांव आहे.) एखाद्या वाड्यांत चार बिऱ्हाडें असावीं आणि कोठीची किल्ली एकच असावी, तशी ही व्यवस्था. एक कोठींत शिरला कीं बाकीचे तिघे ओटीवर.

या मोठ्या कुलुपाला नांवें ठेवणें आतां सोपें आहे. माझ्या मतें तो निर्णय त्या वेळीं शहाणपणाचाच होता. जुने ड्रायव्हर एकाच्या विश्वासावर लिहिलेले. त्यांना एकदम चौघांच्या गर्दींत सोडलें असतें तर खातेंवहींतले रुपये रोज नाहींसे झाले असते. अडचण पुढें आली ती निराळी. हें कुलूप फार समजूतदार होतें. ज्याच्यापाशीं असे त्यालाच तें पुन्हां मागतां येई; तो झोपला तर तें आपोआप सुटे, आणि उठला कीं पुन्हां त्याच्या हातीं येई. त्यामुळें कोणीं तें कां घेतलें आहे, नक्की कोणती वस्तु त्यानें राखली जात आहे, हें कोणीच कोठें लिहून ठेवलें नाहीं. वर्षें गेलीं, लिहिणारे बदलले, आणि हजारों ठिकाणीं ‘येथें कुलूप आहे, काढलें तर काय होईल कोणास ठाऊक’ अशी अवस्था झाली. आपल्या जुन्या घरांतून अशी एखादी पेटी असतेच.

मग एकेक खोलीला स्वतःचें कुलूप देण्याचें काम सुरू झालें. जानेवारी १९९९ च्या २.२ आणि जानेवारी २००१ च्या २.४ या आवृत्तींत बरेंच काम झालें; तरीहि सर्व तबकड्यांच्या मागण्यांना मिळून एकच कुलूप उरलें होतें, तें त्यानंतरच्या २.५ या प्रायोगिक मालिकेंत फोडून प्रत्येक रांगेला वेगळें दिलें. जुलै २००२ मध्यें त्याच मालिकेंत त्याहून धाडसाचें पाऊल पडलें. सर्व प्रोसेसरांच्या घंटा एकदम बंद करणारी ती जुनी सार्वत्रिक आज्ञाच काढून टाकली. जे ड्रायव्हर तिजवर विसंबून होते ते अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांकरितां तयारच होईनात. दुरुस्त करा नाहीं तर वगळा, असा मामला झाला. ही सक्ति मला आवडते. नुसत्या विनंतीनें असलीं कामें होत नाहींत.

मोठें कुलूप मात्र ड्रायव्हरांच्या दारांत सर्वांत शेवटपर्यंत लोंबत राहिलें. उपकरणाला खास हुकूम देण्याची जी एक वाट असते, तिच्यावर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं कर्नल न विचारतां तें कुलूप देत असे. २००५ सालीं शेजारीं कुलुपाविना दुसरी वाट बांधली. २०१० सालीं जुनी वाट बुजविली. उरलेलीं ठिकाणें एकेक करून तपासण्याचें कंटाळवाणें काम आर्न्ड बर्गमन यानें तडीस नेलें, आणि मे २०११ च्या २.६.३९ या आवृत्तींत तें कुलूप गेलें. लावावयास एक आवृत्ति, काढावयास पंधरा वर्षें!

कुलुपें लहान आणि पुष्कळ झालीं म्हणजे सुख झालें असेंहि नाहीं. एकानें पहिलें घेऊन दुसऱ्याची वाट पाहावी, दुसऱ्यानें दुसरें घेऊन पहिल्याची, ही नवी कोंडी उभी राहते. म्हणून २००६ सालीं इंगो मोल्नार यानें कर्नलमध्येंच एक पहारेकरी बसविला. तो कुलुपें कोणत्या क्रमानें घेतलीं जातात याची टिपणी ठेवतो, आणि क्रम उलटा दिसतांच, प्रत्यक्ष कोंडी झालेली नसली तरी, आधींच ओरडतो. दुसरी एक कोंडी तर मंगळावर झाली. ४ जुलै १९९७ रोजीं तेथें उतरलेलें पाथफाइंडर हें यान कांहीं दिवसांनीं स्वतःला पुन्हां पुन्हां नव्यानें सुरू करूं लागलें. हवामानाच्या कनिष्ठ कामानें एक कुलूप घेतलेलें, अत्यंत महत्त्वाचें काम त्या कुलुपाकरितां ताटकळत, आणि मधल्या दर्जाचें तिसरेंच काम कनिष्ठाला ढकलून स्वतः चाललेलें. राखणदार घड्याळ समजे कीं यंत्र बिघडलें. अशा वेळीं वरिष्ठाला अडविणाऱ्या कनिष्ठाला तात्पुरता वरिष्ठाचा दर्जा द्यावा, ही तोड लुई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनीं १९९० च्या लेखांत मांडलेली होती. यानाच्या आज्ञावलींत ती सोय होती, पण बंद ठेवलेली. पृथ्वीवरून ती चालू करण्यांत आली आणि यान सुधारलें.

याहून निराळ्या वळणाची एक युक्ति सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा व्हावयाचा नाहीं. ज्या नोंदी वाचणारे हजार आणि बदलणारा क्वचित् एक, त्यांना कुलूप कशाला, असा प्रश्न पॉल मकेनी आणि जॉन स्लिंगवाइन यांनीं १९९० नंतरच्या दशकांत सीक्वेंट या कंपनींत विचारला. शाळेचें वेळापत्रक बदलावयाचें असलें तर भिंतीवरच्या कागदावर खाडाखोड करीत नाहींत. नवा कागद शांतपणें पुरा लिहून एकदम जुन्याच्या जागीं लावतात. ज्यानें जुना वाचावयास घेतला होता त्याला तो संपूर्ण वाचूं द्यावा. असे सर्व वाचक निघून गेले कीं जुना फाडावा. वाचणाऱ्याला कधींच थांबावें लागत नाहीं. ऑक्टोबर २००२ मध्यें ही रीत लिनक्समध्यें आली, आणि आतां ती हजारों ठिकाणीं वापरली जाते.

यंत्रमानव, कारखान्यांतील यंत्रें वगैरेंकरितां ठरलेल्या क्षणाच्या आंत काम झालेंच पाहिजे असें वचन देणारा लिनक्सचा एक निराळा फांटा वीस वर्षांच्या आसपास मूळ प्रवाहाबाहेर वाढत होता. त्यांत दारांत उभीं राहणारीं बहुतेक कुलुपें झोपणारीं केलीं, आणि घंटेचीं कामेंहि बव्हंशीं साध्या कामांप्रमाणें रांगेंत बसविलीं. म्हणजे मघां सांगितलेली ती मुख्य अडचण मुळांतूनच बदलली. सप्टेंबर २०२४ मध्यें हा फांटा मूळ प्रवाहांत मिळाला. त्यापूर्वीं अखेरपर्यंत अडून राहिलेलें काम कोणतें होतें म्हणाल, तर कर्नलचे निरोप पडद्यावर छापण्याचें. तें काम कोणालाहि, केव्हांहि करावें लागतें. कुलूप हातांत असतां, घंटा वाजत असतां, आणि यंत्र शेवटचे श्वास घेत असतां, आपणांस काय झालें हें सांगण्याकरितांहि.